दादांची रेघ

कुणी चहा पुढे केला की दादा आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे, मग कपाकडे, आणि मग विचारायचे, "आज कसा काय?" ज्या ऑफिसात रोज चहा होतो तिथे हा प्रश्न! चहावाला एकदा वैतागून म्हणाला, "दादा, विषच घालायचं असतं तर साखर कशाला वाया घालवली असती?" दादा हसले नाहीत. कप तसाच ठेवून निघून गेले आणि पुढे कितीतरी दिवस घरून थर्मास आणत राहिले.

असा माणूस बायकोला जड जात असेल, पण वनखात्याला सोन्यासारखा होता. कारण दादांचं कामच मुळी संशय घेण्याचं. टेकडीवरच्या लाकडी टॉवरवर दिवसभर बसायचं, समोरच्या जंगलावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची, आणि कुठे काही वर उठताना दिसलं की ती धूळ आहे, धुकं आहे की धूर, हे ठरवायचं. "धूळ उठते आणि बसते. धुकं उठतं आणि विरतं. धूर मात्र एका जागी पाय रोवून वरून झुलतो," हे त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं. होकायंत्र कसं धरायचं, सुई थांबेपर्यंत श्वास कसा रोखायचा, तेही त्यांनीच. मला शिकवतानासुद्धा अधूनमधून विचारत, "तुम्हाला इथे कुणी लावलं? कुणाची ओळख?" परीक्षा देऊन लागले म्हटलं तरी त्यांची खात्री पटत नसे.

मी खाली ऑफिसात, कंट्रोल रूममध्ये बसते. रूम कसली, फायलींच्या कपाटामागची अडचण. एक कॉम्प्युटर, एक वायरलेस सेट आणि मला सोडून सगळ्यांना वारा देणारा पंखा. आमच्याकडे टॉवर दोन. एक टेकडीवर, तिथे दादा. दुसरा धरणाच्या पलीकडे, तिथे भाऊ. धूर दिसला की दोघंही आपापल्या होकायंत्रावर त्याची दिशा घेतात आणि मला अंश सांगतात. मी ते नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते. टेकडीवरून लाल रेघ निघते, धरणावरून निळी, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे आग. मी ती जागा जीपच्या ड्रायव्हरला सांगते आणि जीप सुटते. एकट्या टॉवरवरून नुसती दिशा कळते. आग जवळ आहे की पार खिंडीपलीकडे, ते कळायला दुसरी रेघ लागते.

आता गंमत अशी, की दादा आणि भाऊ सख्खे भाऊ, आणि दोघांत विस्तव जात नाही.

भांडण वडिलांच्या घरावरून. वाटणी झाली, मधे भिंत आली आणि जिना नेमका भाऊंच्या बाजूला गेला. दादांना वरची खोली मिळाली, पण वर जायला वाटच नाही. भाऊ म्हणाले, "माझ्या जिन्याने जा की, मी कुठे अडवतोय?" दादांना त्यात डाव दिसला. आज जिना वापरू देईल, उद्या उपकार काढेल, परवा खोलीच मागेल. त्यांनी बाहेरून भिंतीला शिडी लावली आणि त्या शिडीने आपल्याच घरात चढायला लागले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "घरीही शिडी, कामावरही शिडी. जमिनीवर हा माणूस मला कधी दिसणार?"

वायरलेसवर सगळ्यांना सगळं ऐकू येतं. तरी दादा म्हणायचे, "कंट्रोल, धरणवाल्यांना सांगा, कडेच्या रांगेकडे बघा म्हणावं." आणि भाऊ, ज्यांनी ते आत्ताच ऐकलेलं असायचं, मी सांगेपर्यंत ढिम्म बसायचे. तिकडे जंगल पेटतंय आणि मी इकडे घोड्याएवढ्या दोन माणसांचे निरोप पोचवतेय! माझं डोकंच फिरायचं. पण रेघा अचूक यायच्या, ते कबूल करायला हवं. जीप सांगितल्या जागी जायची आणि आग तिथेच असायची.

त्या वर्षी कोरड्या दिवसांत हे सगळं बिनसलं.

पहिल्यांदा जीप गेली ती थेट एका तळ्यावर. ड्रायव्हर वायरलेसवर ओरडला, "ताई, इथे बदकं पोहतायत. त्यांना विझवू का?" आग होती रांगेच्या पलीकडच्या उतारावर. गाडी वळवून पोचेपर्यंत कोवळी लागवड राख झाली होती. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. त्यानंतर तिसऱ्यांदा झालं, तेव्हा राखेत मोठ्या झाडांचे ताजे बुंधे सापडले, करवतीने सफाईने कापलेले. म्हणजे कुणीतरी लाकूड नेलं, खुणा पुसायला आग लावली, आणि नेमकी त्याच वेळी आमची जीप भलतीकडे गेली.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. आमचे साहेब तसे शांत, पण त्या दिवशी दार लावून घेऊन म्हणाले, "आतलं कुणीतरी सामील आहे. दोघांपैकी एकजण मुद्दाम चुकीचे अंश देतोय."

कोण, ते मात्र कळेना. जळालेल्या उताराच्या नकाशावर मी दोघांच्या रेघा पुन्हा काढून बघितल्या. पण आग वाऱ्याबरोबर धावते. दोघांनी दिशा घेतली तेव्हा ती नेमकी कुठे होती, हे नंतर राख बघून सांगता येत नाही. आणि दोन रेघांचं एक वाईट असतं. एक खोटी असली तरी त्या कुठेतरी छेदतातच, आणि एकदा छेदल्या की स्क्रीनवर सगळं खरं वाटतं.

मग सगळे सगळ्यांकडे तिरक्या नजरेने बघायला लागले. दादांचा मला मोबाइलवर फोन आला, "धरणाकडे जरा लक्ष ठेवा. मी काही म्हणत नाही. पण नवी मोटरसायकल कशी काय येते?" तासाभरात भाऊंचा फोन, "दादाची नजर गेलीय. मी बोललो असं सांगू नका." ड्रायव्हर म्हणायचा, सॉफ्टवेअरच बिघडलंय. साहेब तर माझ्याच खुर्चीमागे येऊन उभे राहायला लागले. "ताई, टाइप करताना काही चूक होत नाही ना?" मी म्हटलं, "होत असेल तर तुम्ही बसा, मी मागे उभी राहते." तेव्हा कुठे ते आपल्या खोलीत गेले.

मला विचाराल तर माझा संशय भाऊंवरच होता. त्यांचं ते गोड गोड बोलणं, ती मोटरसायकल, आणि काहीही विचारलं तरी आधी हसणं. ज्याला लपवायचं असतं तोच इतका हसतो, असं माझं पक्कं मत झालं होतं. दादा संशयी, कटकटे, तऱ्हेवाईक, सगळं मान्य. पण लाकूडचोरांना सामील? त्या माणसाने ऑफिसची साधी पेन्सिल कधी घरी नेली नाही. तरीही साहेबांनी सांगून टाकलं होतं, की जो खोटा ठरेल त्याला नुसतं नोकरीवरून काढणार नाहीत, पोलिसात देतील. निवृत्तीला आलेल्या माणसाच्या कपाळी चोरीचा शिक्का बसला तर तो धुऊन निघायला त्याला आयुष्य कुठे उरतं? मला त्या दिवसांत जेवण गोड लागत नव्हतं.

शेवटी साहेबांनी एक युक्ती केली. एका दुपारी मला म्हणाले, "आज जागेवरून हलू नका." आणि माझ्या शेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने टेकडीवरून आवाज आला, "कंट्रोल, धूर." मग धरणावरून. दोघांनी अंश दिले, मी टाकले. लाल रेघ, निळी रेघ.

"आता मी सांगतो तिथे ठिपका द्या," साहेब म्हणाले. जुनी बंद पडलेली दगडाची खाण. तिच्या तळाशी त्यांनी ड्रायव्हरकडून एका पिंपात ओलं गवत पेटवून घेतलं होतं. जागा फक्त साहेबांना आणि ड्रायव्हरला माहीत. मी ठिपका दिला. निळी रेघ बरोबर त्याच्या पोटातून गेली होती. लाल रेघ खाणीला लांबूनच बगल देऊन, पार पलीकडच्या माळावर.

"सापडला," साहेब म्हणाले.

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "साहेब, उगीच घाई करू नका. मला एकदा वर जाऊन बघू द्या."

"काय बघणार आहात?"

"ते मला तरी कुठे माहीत आहे?"

साहेबांनी ड्रॉवरमधलं छोटं होकायंत्र काढून माझ्या हातात दिलं. "उद्या सकाळी जाऊन या. संध्याकाळपर्यंत मी वर काही कळवत नाही. त्यापुढे माझ्याच्याने होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले. टॉवरची शिडी चढताना माझी बोबडी वळते, हे वेगळं. वर दादा दारातच उभे. "थांबा," ते म्हणाले. "केसांतला चाप काढा. घड्याळ काढा. पर्समध्ये काय आहे?"

ही त्यांची जुनी शिस्त. होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई बिथरते, म्हणून किल्ल्या, चाकू, घड्याळ, नाणी, सगळं दाराबाहेर टांगलेल्या कापडी पिशवीत ठेवायचं. टेबल लाकडाचं, त्याला पितळी खिळे. एकदा खात्याने लोखंडी खुर्ची पाठवली होती, ती दादांनी शिडीवरून खाली परत पाठवली आणि तेव्हापासून खोक्यावरच बसायला लागले.

माझा चाप पिशवीत पडला तेव्हा कुठे मला आत घेतलं.

"साहेबांनी पाठवलं ना?"

"मीच आले."

"कालचा धूर खोटा होता," दादा म्हणाले. "पांढरा होता, ओल्या गवताचा. आणि खाणीतून येत होता. खाणीत गवत कुठे असतं? मला तेव्हाच कळलं, कुणीतरी माझी परीक्षा बघतंय."

मी बघतच राहिले. "खाणीतून येत होता हे तुम्हाला कळलं होतं?"

"डोळ्यांना तसं दिसत होतं."

"मग अंश भलतेच का दिलेत?"

"सुईने सांगितले तेच दिले."

आणि मग हा माणूस, ज्याने मला आजवर शिकवणं आणि संशय घेणं याखेरीज काही केलं नव्हतं, खोक्यावर बसून हळू आवाजात बोलायला लागला. गेले कितीतरी दिवस त्यांना जंगल सरकल्यासारखं वाटत होतं. ज्या सुळक्याचे अंश इतकी वर्षं तोंडपाठ, तो सुळकाही सुई जरा बाजूला दाखवायची. सुई कशी चुकेल? म्हणजे आपलीच नजर गेली, नाहीतर डोकं तरी. कुणाला सांगायचं? सांगितलं की नोकरी गेली. म्हणून ते डोळ्यांवर विश्वास ठेवायचे बंद झाले आणि सुई सांगेल ते, एकेक अंश नीट तपासून, प्रामाणिकपणे मला सांगत राहिले. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाचा एकाच वस्तूवर आंधळा विश्वास होता, आणि तीच त्याला तोंडावर पाडत होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचाच राग आला.

"उठा," मी म्हटलं. "मला खाण दाखवा."

दादा दाराशी उभे राहिले. मी टेबलाशी गेले, होकायंत्रावरच्या नेम धरायच्या फटीतून खाणीचा कडा पकडला, सुई थांबू दिली आणि अंश वाचले. साहेबांच्या होकायंत्रावरही वाचले. दोन्ही सारखेच, आणि नकाशावर खाणीची जी दिशा निघत होती तीच.

"बरोबर येतंय, दादा!"

"हे होकायंत्र कुठून आणलंत?" त्यांनी माझ्या हातातल्या यंत्राकडे डोळे बारीक करून बघितलं. "त्याने दिलं का?" 'तो' म्हणजे भाऊ. दादा नाव घेत नसत.

"साहेबांचं आहे. आणि टेबलावरचं तर तुमचंच आहे ना? या, तुम्ही बघा."

दादा आले, नेहमीसारखे पोट टेबलाला टेकवून वाकले आणि फटीला डोळा लावला. मी सुईकडे बघत होते. ती हलली. वारा नव्हता, टेबलाला धक्का नव्हता, तरी ती कुणी बोलावल्यासारखी हळूच बाजूला गेली आणि तिथेच थांबली.

"दादा, मागे सरका."

ते सरकले. सुई परत जागेवर आली.

"पुढे या."

सुई पुन्हा बाजूला.

"हे तुम्ही करताय," दादा म्हणाले.

"मी कशाला करू? माझा चापसुद्धा तुम्ही काढून घेतलात! खिशात काय आहे तुमच्या?"

खिसे उलटे केले. रुमाल, आवळ्याएवढा खडूचा तुकडा, बस. चप्पल काढायला लावली, काही नाही. मग दादांचा हात कमरेशी गेला आणि तिथेच थबकला. त्यांचा चेहरा उतरला. पाठ फिरवून त्यांनी सदरा वर केला, काहीतरी सोडलं आणि माझ्यासमोर धरलं. पाठीला बांधायचा रुंद तपकिरी पट्टा, आत जागोजागी शिवलेली कडक, गोल बटणं. मी तो हातात घेऊन टेबलाभोवती फिरवला, तर सुई त्याच्यामागे बकरीसारखी फिरायला लागली. बटणं कसली, चुंबक होते ते.

"मला वाटलं ऊब धरणारे खडे आहेत," दादा म्हणाले. "गरम पट्टा म्हणून सांगितलं होतं."

"कुणी? कुणी दिला हा?"

"आक्काने आणला." आक्का म्हणजे दोघांची मोठी बहीण, दोन्ही दारांतून ये-जा करणारी घरातली एकटीच.

"आक्कांना कुठून मिळाला?"

दादांनी पट्टा माझ्या हातातून परत घेतला. "त्याने दिला होता तिच्याजवळ."

माझा स्फोटच झाला. "बघा! मी पहिल्यापासून म्हणत होते. ठरवून केलंय हे. तोही टॉवरवरच बसतो, त्याला चुंबक म्हणजे काय ते कळत नाही? तुम्हाला पट्टा द्यायचा, तुमची रेघ बिघडवायची, तुम्हाला चोर ठरवायचं आणि स्वतः हसत बसायचं! आणि तुम्ही तो घातलात? तुम्ही, दादा? तुम्ही चहावर संशय घेता!"

"चहाचं वेगळं," दादा म्हणाले.

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. शिडी चढून चढून पाठ कामातून गेली होती. आक्काने पट्टा आणून दिला तेव्हा दादांनी "ठेव तिकडे" म्हणून तोंड फिरवलं. दोन दिवस तो कोपऱ्यात पडून होता. मग त्यांनी गुपचूप तो डब्याच्या पिशवीत घातला. घरी बांधायची सोय नव्हती. वहिनी बघणार, आक्काला सांगणार, आक्का भिंतीपलीकडे सांगणार. म्हणून रोज सकाळी टॉवरच्या पायथ्याशी झाडाआड उभं राहून ते पट्टा बांधायचे आणि संध्याकाळी उतरल्यावर काढून ठेवायचे. साऱ्या जगात जिथे चुंबक न्यायचा नाही अशी एकच जागा या माणसाकडे होती, आणि तेवढ्या जागीच तो पट्टा जात होता.

"साहेबांना आत्ताच कळवते," मी म्हटलं. "आणि भाऊंचं नावही सांगते."

"नाव नाही सांगायचं."

"का?"

"त्याने मुद्दाम केलेलं नाही."

"कशावरून?"

दादांनी पट्ट्याची नीट घडी घातली. "माझी रेघ चुकली की त्याची बरोबर आलेलीही वाया जाते. दिशा बरोबर घ्यायची आणि ती वाया घालवायची, हे त्याच्याने होणार नाही. त्याला मी शिकवलंय."

उभ्या आयुष्यात दादांनी कुणाची बाजू घेतलेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि तीही कुणाची! मला ते पटलं नाही. तरी नाव मी साहेबांना सांगितलं नाही.

खाली उतरल्यावर दादा माझ्याबरोबर ऑफिसात आले. साहेबांच्या टेबलावर त्यांनी होकायंत्र ठेवलं, पट्टा ठेवला आणि सुई फिरवून दाखवली. कुठून आणला विचारल्यावर म्हणाले, "बाजारातून." साहेबांनी पुन्हा खाणीत धूर करून बघितला. या वेळी दादांनी पट्ट्याशिवाय अंश दिले आणि लाल रेघ खाणीच्या मधोमध गेली. त्याच आठवड्यात खरा धूर उठला, दोन्ही रेघा जुळल्या आणि जीप वेळेवर पोचली. लाकडाचा ट्रक हाती लागला. त्यातला एकही माणूस आमच्या ओळखीचा नव्हता. चोर आपले चोर होते, आमच्या रेघा चुकतायत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांसमोर दादांची माफी मागितली. दादांचं नाव साफ झालं. आणि लगेच साहेबांनी विचारलं, "पण दादा, पट्टा लागतो म्हणजे पाठीला काय झालंय? शिडी चढता येते ना?"

इथे एक छोटंसं खोटं बोलले असते तर टॉवर राहिला असता. मी मागून डोळ्यांनी खुणावत होते. दादा म्हणाले, "चढता येते. उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते."

झालं. नियम म्हणजे नियम. दादांना खाली नर्सरीत दिलं, रोपांना पाणी घालायला. टेकडीच्या टॉवरवर माणूस मिळेपर्यंत कॅमेरा बसवायचं ठरलं. दादा पिशवी घेऊन खाली आले आणि थेट नर्सरीत गेले. वहिनी म्हणाल्या, "मला जमिनीवर हवे होते, पण असे नको होते."

पुढच्या आठवड्यात भाऊ वायरलेसची बॅटरी बदलून न्यायला ऑफिसात आले. नेहमीसारखे हसत. मला ते हसणं सहन होईना. दादांनी नाव घेऊ नका म्हटलं होतं ते साहेबांपुढे. भाऊंना विचारू नका असं काही म्हटलेलं नव्हतं.

"तो पट्टा तुम्ही दिला होतात ना?"

त्यांचं हसणं थांबलं. "आक्काजवळ दिला होता. का?"

"त्यात चुंबक आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

'नाही' म्हणतील, आणि मग मी त्यांना फाडून खाईन, अशी माझी तयारी झाली होती. भाऊ बॅटरीकडे बघत म्हणाले, "होतं. दुकानात पाटीच होती, चुंबकाचा पट्टा म्हणून."

"आणि तुम्ही तो टॉवरवरच्या माणसाला पाठवलात? स्वतः किल्ल्यासुद्धा आत नेत नाही तुम्ही!"

"तो घालेल असं वाटलंच नव्हतं, ताई." ते खुर्चीत बसले. "आक्का मागे लागली होती. त्याची पाठ मोडलीय, तू सख्खा भाऊ ना, काहीतरी कर. म्हणून दिला. म्हटलं, माझं नाव ऐकलं की फेकून देईल. माझ्या हातचं त्याने आजवर काही घेतलंय का?"

"आणि त्यांच्या रेघा चुकायला लागल्या तेव्हा?"

"मला वाटलं, त्याची नजर गेली. पट्टा मनातच आला नाही. मला खात्री होती, तो कधीच उकिरड्यावर गेला असेल."

मी त्यांच्या चेहऱ्यात खोट शोधत होते. चांगली शोधत होते, अगदी दादांनी शिकवल्यासारखी. आजही मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, की त्या दिवशी ते सगळं खरं बोलले.

"घालायचा तो?" त्यांनी विचारलं.

"रोज. टॉवरवर चढायच्या आधी, झाडाआड. घरी नाही, तुम्हाला कळू नये म्हणून."

भाऊंनी बॅटरी टेबलावर ठेवली. मग तोंड पुसून म्हणाले, "मग पाठीला उतार पडला का?"

ते मला माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? साहेबांनी शिडीचं विचारलं होतं, मी सुईचं विचारलं होतं, पट्टा कुणी दिला तेही खोदून खोदून विचारलं होतं. पाठ दुखायची थांबली का, हे दादांना आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.